हंसाबाई, पाळणाघर आणि बदलीचे अर्ज

पिंपळधऱ्याच्या पोलीस लाइनीमागे रोज सकाळी जो प्रवेश घडतो, त्याला पडदा लागत नाही आणि घंटाही लागत नाही. शेवटचं क्वार्टर ओलांडलं की एक बैठं घर आहे. पुढे पत्र्याची ओसरी, ओसरीच्या आडव्या लाकडी बल्लीला बांधलेल्या जुन्या लुगड्यांच्या झोळ्या. खाकी वर्दीतली एक बाई येते, कडेवरचं लेकरू पुढे करते, टोपी सारखी करते आणि मागे न बघता ठाण्याकडे चालू लागते. आईनं मागे वळून पाहिलं की लेकरू भोकाड पसरतं, हे हंसाबाईंनी प्रत्येकीला पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं.

हंसाबाई आसुटकर साठीच्या पुढच्या. अंगानं भरलेल्या, आणि आवाज असा की माइक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा. नवरा विठ्ठलराव. शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार झाले आणि सहायक फौजदार होऊन इथूनच निवृत्त झाले. पिंपळधरा हे मारेगावहून पांढरकवड्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं ठाणं. एका बाजूला कापसाची शिवारं, दुसऱ्या बाजूला जंगल. कोळशाचे ट्रक, जत्रेचा बंदोबस्त, वाघ दिसला की बघ्यांची गर्दी हटवणं, अशी इथली कामं. निवृत्तीनंतर बहुतेक पोलीस आपापल्या गावाकडे जातात. आसुटकरांनी इथेच जागा घेतली. कारण विचारलं तर हंसाबाई सांगत, "मले आता पुन्हा भांडे बांधनं होत नाही बाप्पा."

भांडी त्यांनी आयुष्यभर बांधली होती. बदलीचा आदेश निघाला की जड सामान खाली, काचेचं गोधडीत, आणि तुळशीची कुंडी सगळ्यात शेवटी, ट्रकच्या केबिनमध्ये स्वतःच्या मांडीवर. स्वतःला मूलबाळ झालं नाही. पण दर ठाण्याच्या लाइनीतली पोरं त्यांच्याच घरात जेवत, झोपत, मार खात. बदली झाली की ती पोरं मागे राहत. नव्या गावी नवी मिळत.

पूर्वी ठाण्यात एखादीच महिला पोलीस असे. मग भरतीत मुलींसाठी जागा राखीव झाल्या आणि उंच, काटक, पहाटे अंधारात रस्त्यावर धावून तयार झालेल्या पोरी वर्दी घालून येऊ लागल्या. वैष्णवी दुधे त्यातलीच. माहेर आणि सासर दोन्ही दारव्ह्याकडचं. पाटाच्या कडेनं धावून तिनं मैदान मारलं आणि पहिल्याच भरतीत लागली. नवरा दारव्ह्याला एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ती इकडे, तो तिकडे. मूल झालं, त्याचं नाव घरात विक्की पडलं. बाळंतपणाची रजा संपली आणि सासू यायची ती आलीच नाही. तिला लकवा झाला.

त्या दिवशी हंसाबाई विठ्ठलरावांच्या पेन्शनच्या कुठल्याशा कामाला ठाण्यात गेल्या होत्या. वायरलेसच्या खोलीत टेबलावर, फायलींच्या दोन थप्प्यांमध्ये, दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू टकामका बघत पडलेलं. वैष्णवी नाकाबंदीवर. हंसाबाईंनी खोलीत प्रवेश केला तो आवाजासकट.

"काय रे बाप्पा, हे लेकरू काय मुद्देमाल हाये? नंबर नाही टाकला त्याच्यावर?"

ऑपरेटर उभाच राहिला. "काकू, वैष्णवी म्याडम येऊनच राह्यल्या..."

"आली की सांग तिले, मुद्देमाल आसुटकर हवालदाराच्या घरी जमा हाये म्हणून."

तेव्हापासून विक्की ओसरीत. त्याच्यामागून प्रेरणा नगराळेची मुलगी आली, तिच्यामागून उज्ज्वला मडावीचा पोरगा. तिघी जणी आपापल्या परीनं काही ना काही आणून देत. कोणी दूध, कोणी डाळ, दिवाळीला एखादं लुगडं. हंसाबाई घेत आणि ते लेकरांच्याच पोटात घालत.

लेकरांबरोबर त्या या पोरींना शहाणपणही देत. त्यातलं पहिलं शहाणपण असं, की लग्न झालेल्या पोलिसानं आपल्या गावाकडच्या विनंती बदलीचा अर्ज कायम टाकून ठेवायचा.

"पन काकू, मले कुठं जायचं हाये? माह्यावाल्याचं मोबाइलचं दुकान मारेगावले," प्रेरणा म्हणाली होती. तिचं माहेर वर्ध्याकडे.

"जायचं नसन त नको जाऊ. अर्ज टाकून ठेव. उद्याचं कोनं पाह्यलं? नंबर लागाले वर्सं लागतात. जवा गरज पडन तवा टाकशीन, त गरज सरल्यावर नंबर लागन."

हे काही हंसाबाईंचं एकटीचं डोकं नव्हे. पोलीस लाइनीत ही रीतच आहे. जायचं आहे म्हणून अर्ज, आणि जायचं नाही तरी अर्ज. बदली मिळाली तर बघू, नाही मिळाली तर बरंच झालं. पावसाळ्याआधी घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फिरवावेत तसा दरवर्षी तो अर्ज नव्यानं पुढे सरकवायचा. तिघींनीही टाकले. वैष्णवीनं दारव्ह्याचा, प्रेरणानं वर्ध्याकडच्या जिल्हाबदलीचा, उज्ज्वलानं राळेगावचा. वैष्णवीचा सगळ्यात जुना.

मग एका सकाळी ठाणेदार काळबांडे स्वतः ओसरीत आले. वयानं तरुण, बोलायला मोकळे. खुर्ची नको म्हणाले, पायरीवरच बसले.

"काकू, तुमच्यासाठी बातमी हाये. सरकारनं पोलिसांसाठी अनुदान काढलं. अर्धं नव्या भरतीसाठी हाये, पोरापोरींना तयारी कराले. अन् अर्धं, जे भरती झाले ते टिकावे म्हणून. एका शिपायाले भरती करून, ट्रेनिंग देऊन उभं कराले लय खर्च येते. अन् पोरी लेकरू झालं की नोकरी सोडतात, नाही त रजेवर बसतात. म्हणून ठाण्यात पाळणाघर. आपल्या मागच्या खोलीचा प्रस्ताव मी पाठवून राह्यलो. फरशी, कूलर, संडास, पाळणे. अन् एक मदतनीस, मानधनावर."

"कोन मदतनीस?"

"आता तुम्ही ओसरीत काय करून राह्यल्या?"

हंसाबाईंचा झोळी हलवणारा हात थांबला. विक्कीनं आतून पाय झाडला.

मानधनाचं अप्रूप त्यांना फारसं नव्हतं. पण यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना ज्यानं पत्र्याखाली काढलाय, त्याला कूलर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात उज्ज्वलाच्या पोराच्या अंगभर घामोळ्या उठल्या होत्या. हंसाबाई दिवसभर ओली फडकी झोळ्यांवर टाकत बसल्या होत्या. त्याखेरीज आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी फक्त विठ्ठलरावांना सांगितली.

"एवढे वर्सं ठान्यायच्या मागं राह्यली. आसुटकर शिपायाची बायको, आसुटकर हवालदाराची बायको. आता ठान्यात माह्या नावाची एक खोली राह्यन."

विठ्ठलराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "नावाची नाही. सरकारची. मंजुरी तर येऊ दे."

पण दुसऱ्या दिवशी तेच टेप घेऊन खोलीत पोचले आणि पाळण्याचं कडं कुठे बसेल ते छताकडे बघून ठरवू लागले.

पाहणीला जिल्ह्याहून मॅडम आल्या. उपअधीक्षक. चाळिशीच्या आतल्या, कडक इस्त्रीच्या. ठाणेदारांनी खोली झाडून घेतली होती. हंसाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, विक्कीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. पहिल्या प्रयोगाला उभ्या राहणाऱ्या नटीसारख्या त्या पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होत्या.

मॅडमनी खोली पाहिली, ओसरीही पाहिली. झोळ्यांना हात लावून पाहिला. पोरांची नावं विचारली. सगळं ठीक चाललं होतं. मग त्या ठाणेदारांच्या खुर्चीत बसल्या आणि बरोबर आणलेली यादी त्यांनी उघडली.

"काळबांडे, हे अनुदान महिला अंमलदार ठाण्यात टिकाव्यात म्हणून आहे. तुमच्याकडे लहान मुलं असलेल्या तीन महिला. बरोबर?"

"हो मॅडम."

"आणि तिघींचेही बदलीचे अर्ज प्रलंबित आहेत. म्हणजे तिघींनाही इथून जायचं आहे. मग पाळणाघर कोणासाठी करायचं?"

वैष्णवी, प्रेरणा, उज्ज्वला भिंतीला लागून सावधान उभ्या. ठाणेदार यादीकडे असे पाहत राहिले, जणू ती यादी आत्ताच कोणी त्यांच्या टेबलावर टाकून पळून गेलं होतं.

हंसाबाईंच्यानं राहवलं नाही.

"म्याडम, ते अर्ज मीनंच टाकाले लावले."

"तुम्ही?"

"हो ना बाप्पा. कोनाले जायचं नाही. म्हनजे जायचं हाये, पन जायचं नाही. ते आपले टाकून ठेवाचे राह्यतात. आमच्या ह्यायनं नोकरीभर टाकून ठेवला. लाइनीत ज्याचा अर्ज नाही असा मानूस दाखवा. तुमचा नाही काय?"

ठाणेदारांनी डोळे मिटून घेतले. प्रेरणानं ओठ दाताखाली धरला. मॅडमनी हंसाबाईंकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "नाशिकचा. दोन वर्षं झाली."

आधी उज्ज्वला फिसकन हसली, मग सगळेच. मॅडमसुद्धा. विक्कीनं सगळ्यांकडे पाहून टाळ्या पिटल्या.

हसणं ओसरल्यावर मॅडमनी यादी पुन्हा सरळ केली. "मावशी, तुमचं म्हणणं मला पटतं. पण वर माझं पटणं जात नाही, कागद जातो. कमीत कमी तीन मुलं हवीत. तिघींनी अर्ज मागे घ्यावेत आणि तीन वर्षं इथेच राहू असं लिहून द्यावं. मग मी प्रस्ताव आजच पुढे नेते. नाहीतर खोली दुसऱ्या ठाण्याला जाईल. त्यांचीही मागणी आहे."

"आपल्या अक्षय शिपायाचाही पोरगा हाये मॅडम," ठाणेदार म्हणाले. "त्याची बायको नर्स. तिसरा त्याचा धरला तर?"

"योजना महिला अंमलदारांची आहे, काळबांडे."

प्रेरणानं फार वेळ लावला नाही. टेबलापाशी गेली, उभ्यानंच लिहिलं, सही केली. उज्ज्वलाचं मन होत नव्हतं. राळेगावजवळ तिच्या भावाचं घर, आणि भावाच्या घरात तिचा मोठा मुलगा शिकायला. ती दारापर्यंत जाऊन परत आली, हंसाबाईंकडे एकदा पाहिलं आणि तिनंही लिहून दिलं.

राहिली वैष्णवी. तिचा अर्ज दोन वर्षांचा. या मे महिन्यात तिचा नंबर लागणार, हे तिघींनाही माहीत होतं आणि ठाणेदारांनाही. सासू अंथरुणावर, नवरा सकाळी डेपोत आणि संध्याकाळी आईच्या उशाशी. ती टेबलाशी आली. पेन उचललं. "कसं लिहायचं सर?" एवढंच तिनं विचारलं. आवाजात रडणं नव्हतं की कुरकूर नव्हती. तिनं ठरवून टाकलं होतं. काकूंनी तिचं लेकरू टेबलावरून उचललं होतं, आता काकूंच्या खोलीसाठी तिला एक कागद लिहायचा होता. तिच्या लेखी हिशेब साधा होता.

हंसाबाई तिच्या हाताकडे पाहत होत्या.

फार वर्षांपूर्वी विठ्ठलरावांची बदली अशीच लागली होती. राळेगावला, हंसाबाईंच्या माहेरापासून सायकलच्या अंतरावर. आई थकलेली होती. हंसाबाईंनी भांडी बांधली होती, कुंडी दाराशी आणून ठेवली होती. आणि तेव्हाच्या ठाणेदारांनी विठ्ठलरावांना बोलावून म्हटलं, "आसुटकर, निवडणुका आहेत, तुम्ही गेलात तर माझं कसं होणार?" मोठा साहेब खांद्यावर हात ठेवून बोलला, या आनंदात विठ्ठलरावांनी बदली रद्द करून घेतली. घरी येऊन सांगितलं ते हसत हसत. हंसाबाईंनी भांडी परत सोडली. त्याच वर्षी पोळ्यानंतर आई गेली. तार पोचून त्या निघेपर्यंत सारं आटोपलं होतं. त्यावरून नवरा-बायकोत कधी भांडण झालं नाही. कोणाचं काय चुकलं म्हणून भांडायचं? साहेब वाईट नव्हता, नवरा वाईट नव्हता.

वैष्णवीनं तारीख लिहिली. हंसाबाईंनी पुढे होऊन कागदावर हात ठेवला. चांगला मोठा, पिठाचा वास येणारा हात. अख्खा कागद झाकला गेला.

"तू नको लिहू."

"काकू, लिहू द्या ना. मी राह्यते इथंच."

"राह्यशीन व. अन् सासू गेली की मंग? तवा माह्या झोळीकडं पाह्यशीन अन् तुले काय आठवन? जा तू आपली दारव्ह्याले."

"अन् खोली?"

"खोलीले काय झालं? ती कुठी पळून राह्यली?"

उज्ज्वला भिंतीपासून पुढे आली. तिचा चेहरा तापला होता. "वा काकू! आम्ही लिहून दिलं तवा नाही हात ठेवला. तिचंच तेवढं मन हाये काय? आमचे अर्ज काय रस्त्यावर पडले होते?"

हंसाबाईंनी हात कागदावरून उचलला नाही.

"तुमचे कागद अजून आवक नोंदवहीत चढलेले नाहीत," मॅडम मध्येच म्हणाल्या. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर पुढे सरकवले. "हवे असतील तर घ्या."

उज्ज्वलानं आपला झटकन उचलला, घडी करून खिशात कोंबला. प्रेरणा हलली नाही. "माहा राहू द्या," ती म्हणाली. "मले वर्धा नकोच होतं."

मॅडम उठल्या. जाताना दारात थांबून हंसाबाईंना म्हणाल्या, "मावशी, तीन मुलं झाली की काळबांडेंना सांगा. मी असेन तर बघेन." असेन तर म्हणताना त्या किंचित हसल्या. गाडी गेली.

संध्याकाळी विठ्ठलराव बराच वेळ अंगणात खुरपं घेऊन बसले. गवत केव्हाच संपलं होतं. शेवटी म्हणाले, "लोकं सांगून राह्यले ठान्यात काय झालं ते."

"मंग?"

"राळेगावचा सूड उगवला म्हनायचा काय माह्यावर?"

"तुमच्यावर उगवाचा असता त एवढे वर्सं थांबली असती काय? पोया खायच्या हायेत की भाकर, ते सांगा."

"भाकर," विठ्ठलराव म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "कड्याची जागा बरोबर काढली होती मीनं."

"हो. बरोबर होती."

खोली दुसऱ्या ठाण्याला गेली. मागच्या खोलीत पुन्हा जप्तीच्या सायकली आणि दारूचे रिकामे डबे भरले. मे महिन्यात वैष्णवीचा आदेश निघाला. सामान बांधायला हंसाबाई सकाळीच गेल्या. कुठलं खाली, कुठलं वर, ते सांगत राहिल्या आणि पोरीला एकदाही बसू दिलं नाही. बसली की ती रडेल, हे त्यांना कळत होतं. स्वतःच्या रडण्याची वेळ त्यांनी आधीच उरकून घेतली होती, पहाटे, चुलीपाशी. टेम्पो सुटला तेव्हा विक्की आईच्या मांडीवरून हात हलवत होता. तो कोणाला हलवतोय हे त्याला कळत नव्हतं.

उज्ज्वला आठवडाभर बोलली नाही. पोरगा तिनं शेजारच्या बाईकडे ठेवला. त्या बाईनं त्याला दिवसभर टीव्हीसमोर बसवलं. आठव्या दिवशी उज्ज्वला आली, लेकरू पुढे केलं, टोपी सारखी केली.

"रागवली नाही ना माह्यावर?" हंसाबाईंनी विचारलं.

"रागवली हाये," उज्ज्वला म्हणाली. "पन ड्युटी हाये." आणि मागे न बघता निघून गेली.

अक्षयनंही आपला पोरगा आणून सोडला. योजनेत तो बसत नव्हता, ओसरीत बसला. विठ्ठलरावांनी बाजारातून वाळ्याचे दोन पडदे आणले आणि पत्र्याखाली बांधले. दर तासाला त्यांवर पाणी मारायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि सरकारी ड्युटीसारखं वेळच्या वेळी करू लागले.

जूनच्या सुरुवातीला दुपारी वैष्णवीचा फोन आला. सासू आता काठी धरून दोन पावलं टाकते. ड्युटी दारव्ह्याच्या ठाण्यातच आहे, घर जवळ. पण विक्की जेवत नाही.

"कोन भरवते त्याले?"

"सासूबाई भरवतात काकू, बसल्या जागेवरून. वरण-भात देतात. तोंडच उघडत नाही."

"भात नाही देत व त्याले मी. भाकर कुस्कर दुधात, अन् ताटात नको देऊ, वाटीत दे. अन् भरवताना दुसरीकडं पाह्य. त्याच्याकडं पाह्यलं की तो नखरे करते."

"बरं."

"अन् सासूले म्हन, तेल लावत जा पायाले, सकाळून."

"काकू, तुम्ही कधी येता?"

झोळीतून प्रेरणाच्या पोरीनं सूर धरला. तिच्यामागून अक्षयच्या पोरानं.

"येईन ना. ठेव आता, इकडं दोघं उठून राह्यले," हंसाबाई म्हणाल्या आणि फोन पदरात खोचून झोळीकडे वळल्या.